भेटीच्या टोपलीत गावाची चव

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की बंगळूरमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो, "यंदा पुण्याला काय पाठवायचं?" पुण्याच्या जागी कुणाचे सोलापूर असते, कुणाचे नाशिक, तर कुणाचे नागपूर. नोकरीच्या धावपळीत वेळ नसतो. मग दुकानातून एक तयार टोपली उचलली जाते. चकचकीत कागद, सोनेरी रिबीन, आत थोडे बदाम, थोडे काजू, परदेशी चॉकलेटे, बिस्किटांचा डबा आणि एक सुगंधी मेणबत्ती. पैसे भरले, पत्ता दिला, कर्तव्य संपले.

चार दिवसांनी फोनवर होणारा संवाद बहुतेकांच्या ओळखीचा असेल.

"आई, टोपली मिळाली का गं?"

"मिळाली हो. छान आहे. एवढा खर्च कशाला केलास?"

"उघडून बघितलीस?"

"नाही अजून. कपाटावर ठेवलीय. कुणाकडे द्यायला-घ्यायला होईल."

आईच्या बोलण्यात तक्रार नसते, पण लेकीला जे कळायचे ते कळते. ती टोपली न उघडताच आत्याकडे जाईल, आत्याकडून तिच्या विहीणबाईंकडे. त्यात लेकीचे असे काही नव्हतेच. तीच टोपली पुण्यातल्या दुकानातही मिळाली असती. लग्न होऊन लेक दुसऱ्या राज्यात गेली की आईला खरी उत्सुकता असते ती वेगळ्याच गोष्टींची. लेक तिकडे काय खाते? सकाळी घरात कसला वास दरवळतो? जावईबापूंना काय आवडते? या प्रश्नांची उत्तरे बदाम-काजू देऊ शकत नाहीत. ती उत्तरे गावच्या पदार्थांत असतात.

सूप, वाण आणि बागिन

भेटीची टोपली ही काही मोठ्या दुकानांची कल्पना नव्हे. आपल्याकडे हरितालिकेचे पूजन होते त्याच सुमारास, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, कर्नाटकात गौरीहब्ब साजरा होतो. त्या दिवशी सुवासिनी एकमेकींना 'बागिन' देतात. एका सुपात तांदूळ, डाळी, रवा, गूळ, नारळ, हळद-कुंकू, बांगड्या, फणी, आरसा आणि खण ठेवतात, त्यावर दुसरे सूप पालथे घालतात आणि पदराखाली धरून देतात. आपल्या वाणाचीच ही बहीण. संक्रांतीला तिकडे तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे एकत्र करून 'एळ्ळु-बेल्ला' वाटतात. तीळगूळ खा आणि चांगले बोला, असेच तिथेही म्हणतात.

या जुन्या टोपल्यांत एक शहाणपण होते. त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू घेणाऱ्या घरात वापरली जाई. आजची टोपली भरतानाही हीच कसोटी लावावी.

बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध तर फार जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि बालशिवाजींचा काही काळ या शहरात गेला. भाषा वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडच्या फराळाची नावे पाहिली की हसू येते. आपले कडबोळे तिकडे 'कोडुबळे', चकली 'चक्कुली', चिरोटे 'चिरोटी', करंजी 'कर्जिकाई' आणि थालीपीठ 'तालीपट्टू'. पुरणपोळी 'होळिगे' किंवा 'ओब्बट्टू' या नावाने दोन्हीकडे सणाची राणी आहे. म्हणजे पाठवलेला पदार्थ माहेरी अगदी परका वाटणार नाही, आणि अगदी घरच्यासारखाही नसेल. भेटीची खरी गंमत तिथेच आहे.

गोड पदार्थ निवडताना

पहिला मान म्हैसूरपाकाचा. म्हैसूरचे राजे कृष्णराज वडियार चौथे यांच्या राजवाड्यातील आचारी काकासुर मादप्पा यांनी तो प्रथम केला, असे मानले जाते. त्यांच्या वंशजांचे दुकान आजही म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्यावर आहे. बेसन, साखर आणि तूप एवढेच त्याचे साहित्य. बंगळूरमध्ये तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक जाळीदार आणि खुटखुटीत, दुसरा तुपाने थबथबलेला मऊ. स्वतः बरोबर नेणार असाल तर मऊ घ्यावा. पार्सलने पाठवायचा असेल तर जाळीदारच बरा, कारण उष्म्याने मऊ वड्यांचा गोळा होतो आणि तूप डब्याबाहेर येते.

दुसरा धारवाडी पेढा. हा मूळचा कर्नाटकाचा नव्हे. १९व्या शतकात उत्तर प्रदेशातील उन्नावहून धारवाडला आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो तिथे रुजवला. दूर गावाहून आलेल्या माणसांचा पदार्थ पुढे गावाची ओळख कसा होतो, याचे हे गोड उदाहरण आहे. या पेढ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खवा तांबूस होईपर्यंत परतल्यामुळे त्यात ओलावा कमी राहतो आणि तो साध्या पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. सातारी कंदी पेढ्याची सवय असलेल्या घरात तो आवर्जून पाठवावा. दोन्ही पेढे एका ताटलीत ठेवून चर्चा रंगते.

बेळगावचा कुंदा मराठी वाचकांना वेगळा सांगायला नको. दूध आणि साखर आटवून, खमंग तपकिरी रंग आणलेला हा पदार्थ तिथल्या मराठी आणि कानडी दोन्ही घरांत तितक्याच हौसेने खाल्ला जातो. मात्र तो ओलसर असल्याने लवकर संपवावा लागतो.

ज्या घरात बाळंतीण, वाढती मुले किंवा थंडीने कुरकुरणारे आजी-आजोबा आहेत, तिथे गोकाकचे किंवा अमिनगडचे 'करदंटु' पाठवावे. गूळ, डिंक, सुके खोबरे आणि सुकामेवा घातलेली ही वडी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाची सख्खी मावसबहीण. नावातही 'करद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक.

उत्तर कर्नाटकातील 'शेंगा होळिगे' मात्र पुष्कळांना माहीत नसते. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ यांचे सारण भरलेली ही पातळ, कोरडी पोळी आपल्या गुळाच्या पोळीसारखीच आठ-दहा दिवस राहते. पुरणाच्या होळिगेचे मात्र तसे नाही. ती दोन दिवसांत खावी लागते, म्हणून लांबच्या प्रवासाला टाळावी.

खमंग आणि तिखट

गोडाचे डबे सणात सगळीकडूनच येतात. म्हणून टोपलीत निम्मा भाग तिखटाचा ठेवावा. तांदळाच्या पिठात शेंगदाण्याचा भरडा, मिरची आणि कढीपत्ता घालून थापलेली जाड 'निप्पट्टू' आणि कोडुबळे हे दोन्ही दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. शिवाय बंगळूरच्या जुन्या अय्यंगार बेकऱ्यांत मिळणारे 'काँग्रेस कडलेकाई' न्यावेत. हे हळद, तिखट, हिंग आणि कढीपत्ता लावलेले शेंगदाण्याचे दोन दळ. १९६९ साली काँग्रेस पक्ष फुटला आणि दाण्याचेही दोन तुकडे म्हणून हे नाव पडले, असे गमतीने सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, जेवणाच्या टेबलावर सांगायला चांगली आहे. शेंगदाण्याचे या शहराला प्रेमच भारी! कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदी मंदिरापाशी 'कडलेकाई परिषे' ही शेंगांची मोठी जत्रा भरते. त्या सुमारास घरी जाणार असाल तर किलोभर ताज्या शेंगा पिशवीत टाकायला विसरू नये.

मद्दूरवड्याचे मात्र भान ठेवावे. बंगळूर-म्हैसूर लोहमार्गावरील मद्दूर स्थानकामुळे प्रसिद्ध झालेला हा कांद्याचा खुसखुशीत वडा हातोहात नेण्याचा पदार्थ आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत तो पोहोचत असेल तरच घ्यावा. उद्यान एक्सप्रेसने सोलापूर-पुण्याला जाणाऱ्याने घेतला तर ठीक, पार्सलात घातला तर फुकट.

पापड, कुरडया, सांडगे यांच्यासाठी गांधी बाजाराची फेरी करावी. तिथले 'सुब्बम्मा अंगडी' हे लहानसे दुकान १९४८ पासून चालू आहे. तरुणपणीच वैधव्य आलेल्या सुब्बम्मांनी घरोघरी पापड-सांडगे विकून ते उभे केले. मलनाडचे फणसाचे पापड मिळाले तर अवश्य घ्यावेत. कोकणाशी नाते असलेल्या घरात ते पाहून डोळे चमकतील.

रोजच्या स्वयंपाकात उतरणारी भेट

फराळ चार दिवसांत संपतो. ज्या वस्तूने महिनाभर आठवण निघते ती खरी भेट. कॉफी ही त्यातली पहिली. बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने १७व्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते आणि कॉफी बोर्डाचे मुख्य कार्यालयही बंगळूरलाच आहे.

मल्लेश्वरम किंवा गांधी बाजारातल्या कॉफीच्या दुकानात बिया समोर दळून मिळतात. नवख्या घरासाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी असे मिश्रण सांगावे. पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये, कारण दळलेल्या कॉफीचा सुवास दोन-तीन आठवड्यांत उतरतो. सोबत स्टीलचा छोटा फिल्टर ठेवावा, नाहीतर चहाच्या घरात ती पूड तशीच पडून राहील. एका चिठ्ठीवर कृतीही लिहावी. ती अशी: फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालून चकतीने हलके दाबावी, वरून कपभर उकळते पाणी ओतावे, झाकण ठेवून १५ मिनिटे थांबावे. खाली उतरलेला अर्क एक भाग आणि गरम दूध तीन भाग, साखर चवीप्रमाणे.

मसाल्यांच्या पुड्याही उपयोगी पडतात. सारूची पूड, वांगीभाताची पूड, बिसीबेळेभाताची पूड आणि पुळियोगरेचा चिंचेचा गोज्जू यांपैकी दोन निवडाव्यात. अशा तयार पुड्यांमागे बंगळूरचा इतिहास आहे. १९२४ मध्ये सुरू झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, या उपाहारगृहाला आणीबाणीच्या काळात सरकारने ठरवलेल्या दरांत पदार्थ विकणे परवडेना. तेव्हा तिथल्या मंडळींनी मसाले आणि तयार पिठे पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेला तो मार्ग पुढे देशभर पोहोचला.

याशिवाय आणखी काही वस्तू. बेडगी मिरची महाराष्ट्रात मिळते, पण हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी हे तिचे मूळ गाव. रंग गडद लाल, तिखटपणा कमी, म्हणून लहान मुलांच्या घरात ती हवीहवीशी वाटते. सागर-शिरसी भागातील 'अप्पेमिडी' या कोवळ्या, सुवासिक कैऱ्यांचे अख्खे लोणचे वर्षभर टिकते. शिरसीची काकवी आणि कोडगूचा मधही घेता येईल. नाचणीच्या लाह्यांचे पीठ, ज्याला तिकडे 'हुरीहिट्टू' म्हणतात, दूध-गुळात किंवा ताकात कालवून झटपट न्याहारी होते.

आधी माणसे आठवा, मग यादी करा

टोपलीची यादी दुकानात उभे राहून करू नये. घरी बसून, त्या घरातल्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आणून करावी. सासरेबुवांना मधुमेह असेल तर चार गोड डबे पाठवणे म्हणजे त्यांच्यापुढे ताट ठेवून हात बांधण्यासारखे आहे. गुळाचे पदार्थ त्यांना चालतात हा समजही चुकीचा आहे, गुळानेही साखर वाढतेच. त्यांच्या नावाने कॉफी, चटणीपूड किंवा काँग्रेस कडलेकाई ठेवावेत. रक्तदाब असणाऱ्यांसाठी लोणचे आणि पापड कमी करावेत. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर मधाच्या बाटलीवर 'बाळाला देऊ नये' अशी चिठ्ठी लावावी. एवढ्या लहान मुलांना मध चाटवणे डॉक्टर धोक्याचे मानतात.

वस्तू किती असाव्यात? पाच पुरेत. एक गोड, एक खमंग, एक स्वयंपाकाची, एक वर्षभर टिकणारी आणि एक घरी केलेली. बारा वस्तू थोड्या थोड्या ठेवण्यापेक्षा पाच वस्तू पोटभर असाव्यात.

टिकाऊपणा आणि बांधणी

खरेदी करताना तारीख पाहावी. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढेही 'कधीपर्यंत खावे' हे लिहिणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. बंद पाकिटावर १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तोही बघावा. म्हैसूरपाक, धारवाडी पेढा आणि कुंदा दुकानात मिळाला नाही तर 'नंदिनी' या सहकारी दूध महासंघाच्या विक्रीकेंद्रांवर बंद डब्यात मिळतो.

साधारण हिशेब असा ठेवावा. कुंदा चार-पाच दिवस, धारवाडी पेढा आठवडाभर, म्हैसूरपाक दहा-बारा दिवस, निप्पट्टू आणि कोडुबळे दोन-तीन आठवडे, करदंटु आणि चटणीपुडी महिनाभर. दिवाळीच्या आठवड्यात पार्सले हमखास उशिरा पोहोचतात. म्हणून खव्याचे पदार्थ कुणी जाणाऱ्याबरोबरच द्यावेत आणि पार्सलात फक्त कोरड्या वस्तू ठेवाव्यात.

जड डबे तळाशी, कुरकुरीत पदार्थ वर. मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे घट्ट बसवावेत, म्हणजे डबा हलला तरी आतला माल हलत नाही. कॉफी आणि मसाले वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करावेत, नाहीतर पेढ्यांना सांबाराचा वास लागतो. लोणच्याच्या बरणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून ती दोन पिशव्यांत घालावी. विमानाने जाणाऱ्यांनी लोणचे, तूप, मध आणि काकवी हातातल्या पिशवीत ठेवू नये, तपासणीत ते काढून घेतले जाते.

सोनेरी टोपलीऐवजी बांबूचे सूप, स्टीलचा डबा किंवा इलकल काठाचा रुमाल वापरावा. पदार्थ संपल्यावरही तो घरात राहतो. लहान मूल असेल तर चन्नपट्टणचे एखादे लाकडी खेळणे वर ठेवावे.

घरचे एक तरी

कितीही घाई असली तरी एक वस्तू स्वतःच्या हातची असावी. सर्वांत सोपी म्हणजे शेंगांची चटणीपूड. ती सोलापूरलाही होते आणि धारवाडलाही, म्हणून ती कुणाची असा वाद घालण्यापेक्षा दोघांची मानून करावी.

दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलावेत. त्याच कढईत १०-१२ लसूणपाकळ्या कोरड्या होईपर्यंत परताव्यात, मग ८-१० बेडगी मिरच्या, चमचाभर जिरे आणि मूठभर कढीपत्ता कुरकुरीत करून घ्यावा. सगळे गार झाल्यावर मीठ घालून खलबत्त्यात कुटावे. मिक्सर वापरायचा तर थांबून थांबून फिरवावा, नाहीतर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. कोरड्या बरणीत भरून वर करण्याची तारीख लिहावी. सोबत उत्तर कर्नाटकातील कडक ज्वारीच्या भाकऱ्यांचे पाकीट ठेवले तर रात्रीच्या एका जेवणाची सोय झाली.

परतीचा डबा

माहेरहून डबा रिकामा परत येत नाही, ही आपली जुनी रीत. पुण्या-सोलापूरकडच्या मंडळींनीही बंगळूरच्या लेकीला चिवडा-चकली पाठवण्याऐवजी तिच्या शेजारच्या कानडी काकूंना देता येईल असे काही पाठवावे. कोकणची आमसुले, आंबापोळी, कोल्हापुरी गूळ, सांगलीचे बेदाणे किंवा आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. अडीअडचणीला लेकीच्या दारी आधी धावून येतात त्या या शेजारच्या काकूच. त्यांच्या घरी आपल्या गावाची चव पोहोचली तर लेकीचे परकेपण थोडे आणखी कमी होते.

अशी टोपली गेली की फोनवरचा संवादही बदलतो.

"अगं, ती शेंगांची पोळी तुझ्या बाबांनी डब्यात लपवून ठेवलीय. कुणाला देत नाहीत!"

"आणि कॉफी?"

"पहिल्या दिवशी पाणचट झाली. मग तुझी चिठ्ठी नीट वाचली. आता रोज चारला होते. तुमच्याकडेही चारलाच घेतात का गं?"

"हो आई. सासूबाई बरोबर चारला फिल्टर लावतात."

"मग उद्यापासून त्याच वेळी लावत जाईन," आई म्हणते. कपाटावर यंदा काहीच ठेवलेले नसते.